मकादी बेचा लाकडी धक्का आणि सात रात्रींचा पट्टा

गेली बावीस वर्षं मी मेस चालवते. रोजचे १४० डबे. त्यामुळे कुठेही जेवायला गेले की पदार्थाच्या आधी माझं लक्ष भांड्यांकडे जातं. अर्धं झालेलं भांडं किती वेळात बदलतात, वाढणारा हात कुठे पुसतो, उरलेलं कुठे जातं. इजिप्तमधल्या ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टबद्दल पुढे जे लिहिते आहे ते याच नजरेनं बघितलेलं आहे, समुद्राचा भाग सोडून. समुद्राची मला काहीच सवय नव्हती, आणि सगळ्यात जास्त मला त्याबद्दलच सांगायचं आहे.

बुकिंग मुलानं केलं. "आई, आठ दिवस गॅसला हात लावायचा नाही," ही त्याची अट. मी, हे आणि माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं. वन्सं शाकाहारी, ह्यांना सगळं चालतं, पण पोट हळवं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, सात रात्री, तांबड्या समुद्राकाठचं मकादी बे. कैरोहून विमानानं तासाभरात हुर्गाडा आणि तिथून गाडीनं दक्षिणेला अर्धा-पाऊण तास. रिसॉर्टचं नाव देत नाही, कारण काही तक्रारी आहेत, आणि त्या किनाऱ्यावर याच धाटणीची रिसॉर्ट एकाला एक लागून उभी आहेत. नावापेक्षा काय बघून निवडायचं ते सांगितलेलं बरं.

विमानतळावरून जाताना एका अंगाला वाळवंट, त्यामागे उघडेबोडके तपकिरी डोंगर. गवताची काडी नाही. मग एकदम फाटक येतं आणि आत हिरवळ, बोगनवेल, खजुराची झाडं. आत गेल्या गेल्या मनगटात प्लास्टिकचा पट्टा बांधतात, तो जाताना कात्रीनंच निघतो. तीन वेळचं जेवण, मधलं खाणं, चहा-कॉफी, सरबतं, इजिप्तमध्ये बनलेली दारू, समुद्रकाठच्या खुर्च्या आणि टॉवेल, हे सगळं त्या पट्ट्यात आलं. ताज्या फळांचा रस, परदेशी दारू, मसाज, बोटीची सफर, डॉक्टर हे त्यात नाही. ही दुसरी यादी बुकिंगच्या आधी लेखी मागून घ्या. आमच्याकडे ती खोलीतल्या फाइलमध्ये सापडली, दुसऱ्या दिवशी.

महिना नीट निवडा. नोव्हेंबरात दिवसा सव्वीस-सत्तावीस अंश, पाणी पंचविसाच्या आसपास, संध्याकाळी पातळ स्वेटर लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सदतीसच्याही वर जातो आणि दुपारची वाळू अनवाणी चालवत नाही. जानेवारीत हवा छान, पण पाणी एकवीस-बावीसवर येतं आणि वारा बोचतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, नोव्हेंबरात तिथे पाचलाच सूर्य मावळतो. किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य समुद्रातून उगवतो आणि मागच्या डोंगरांत बुडतो. समुद्रात बुडणारा सूर्य बघायचा म्हणून गेलात तर नाराज व्हाल. पहाटे सहाला उठलात तर मात्र असं काही दिसतं की चहा हातात तसाच गार होतो.

आता जेवण. मुख्य बुफे एवढा मोठा की पहिल्या रात्री वन्सं बावरून नुसता भात आणि दही घेऊन बसल्या. मी आधी पूर्ण फेरी मारली, ताट न घेता. हा माझा पहिला सल्ला. परदेशी लोकांसाठी मांडलेला भाग, म्हणजे पास्ता, पिझ्झा, क्रीमच्या भाज्या, मांसाचे मोठे तुकडे, हा सगळीकडे सारखाच असतो आणि रोज तोच. खरं स्वयंपाकघर कोपऱ्यात असतं, जिथे इजिप्तचे लोक स्वतः रांग लावतात. सुट्टीला आलेली कैरोची कुटुंबं कुठे वळतात ते बघितलं आणि त्यांच्या मागे उभी राहिले.

तिथे सकाळी फूल. फुलांशी त्याचा संबंध नाही, बाकला म्हणजे फावा बीन रात्रभर मंद आचेवर शिजवतात, त्यात जिरं, लिंबू, तेल. दाणा अख्खा दिसतो आणि जिभेवर विरघळतो. तासाभराच्या घाईत हे जमत नाही, म्हणून त्या आचाऱ्याबद्दल मला तिथेच आदर वाटला. त्याच बाकल्याचे तळलेले वडे म्हणजे तामिया, आतून हिरवीगार, कोथिंबीर आणि पातीचा कांदा वाटून घातलेली. बाहेरच्या जगात फलाफल हरभऱ्याचं असतं, इजिप्तमध्ये बाकल्याचं, आणि माझ्या मते हे जास्त हलकं लागतं. मसुरीचं दाट सूप रोज असायचं, जिऱ्याचं, वर लिंबू पिळून. वन्सं म्हणाल्या, फोडणी दिली की आमटीच. सात दिवस त्यांचं पोट त्या सुपावर, फुलावर आणि ताज्या भाकरीवर भरलं. एक मात्र शाकाहारी माणसांनी विचारूनच घ्यावं. मुलुखिया नावाची हिरवी पातळभाजी असते, ज्यूटचा कोवळा पाला बारीक चिरून केलेली. दिसायला निखळ पालेभाजी, पण ती बहुतेक वेळा कोंबडीच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजवतात. वन्संचं ताट मी ऐन वेळी थांबवलं.

आणि अंबाडी! लाल रंगाचं थंड सरबत सगळीकडे ठेवलेलं असायचं, करकदे म्हणतात. पहिल्या घोटाला ओळखीचं आंबट लागलं. विचारलं तर वाळलेल्या फुलांची लाल पाकळी दाखवली. लाल अंबाडीच ती. आपण पाला खातो, ते फुलाखालच्या त्या लाल बोंडाचं सरबत पितात, गरमही आणि गारही. येताना बाजारातून ती वाळलेली बोंडं आणली आहेत.

भाकरीचं सांगायचं राहिलं. बुफेच्या बाहेर, ओट्यावर मातीची भट्टी, आणि तिच्यापाशी डोक्याला रुमाल बांधलेली माझ्याच वयाची बाई. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची सैल कणीक, हाताला चिकटेल इतकी सैल. ती उंडा कोंड्यावर टाकायची, पिठावर नाही, बोटांनी थापायची आणि फळीवरून भट्टीत सरकवायची. मिनिटाभरात फुगून चेंडू. कणकीत एवढं पाणी असल्याशिवाय ती तशी फुगत नाही, हे मला माहीत आहे, आणि ती सैल कणीक हाताला न चिकटू देता वळायला किती वर्षं लागतात तेही माहीत आहे. त्या भाकरीला तिथे ऐश म्हणतात, म्हणजे जगणं. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला अरबी. मी हवेतच पोळी लाटून, घडी घालून दाखवली, तिनं हसून लगेच दुसरा गोळा घेतला आणि ओढत ओढत एवढा पातळ केला की पलीकडची भट्टी दिसावी. मग तुपाचा हात फिरवून घडी, पुन्हा तूप, पुन्हा घडी. फतीर. पहिला गरम तुकडा तिनं माझ्या हातावर ठेवला आणि "मामा" म्हणाली. तिथे आईला मामा म्हणतात. रोज सकाळी आधी तिच्याकडे जायचं, हे ठरूनच गेलं.

वाया जाणाऱ्या अन्नाबद्दल लिहिलंच पाहिजे. लोक तीन-तीन ताटं भरतात आणि अर्धी टाकून उठतात. पट्ट्यात सगळं आलं आहे म्हणून. एका टेबलावर न हात लावलेल्या सहा केकच्या फोडी मोजल्या. वाढपी मुलगा त्या शांतपणे बादलीत ओतत होता, त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. बागेतली सगळी हिरवळ सांडपाणी स्वच्छ करून जगवतात, असं तिथल्या माळ्यानं सांगितलं. जिथे पाण्याचा थेंब असा वाचवतात तिथे अन्नाची ही तऱ्हा. लहान ताटं ठेवली तरी निम्मं वाचेल. मी हे अभिप्रायाच्या कागदावर लिहून आले.

भारतीय जेवणाचं आश्वासन मिळालं असेल तर फार विसंबू नका. वेगळं भारतीय रेस्टॉरंट होतं, पण सात रात्रींत एकदाच मोफत आणि नोंदणी सकाळी सातला. तिथली आमटी गोड, क्रीम घातलेली. एकदा जाऊन आलो, बस.

तक्रारी. समुद्राकडची खोली म्हणून पैसे भरले आणि मिळाली बागेकडची. गॅलरीतून वाकून बघितलं तर कोपऱ्यात निळी पट्टी. ह्यांनी छापील बुकिंग दाखवलं, दोन दिवस "उद्या" ऐकलं, तिसऱ्या दिवशी बदलून मिळाली. कागद जवळ ठेवा, मोबाइलवर विसंबू नका. दुसरी तक्रार खुर्च्यांची. लोक पहाटे सहाला टॉवेल टाकून जातात आणि अकराला उगवतात, व्यवस्थापन काही बोलत नाही. तिसरी आमच्यावर नीट शेकली. चौथ्या दिवशी ह्यांचं पोट बिघडलं. बहुधा कच्च्या सॅलडमुळे, कारण नळाचं पाणी तिथे पिण्याचं नसतं आणि हे त्यातच धुतलेली काकडी-टोमॅटो खात होते. खोलीवर आलेल्या डॉक्टरनं तपासायचे डॉलरमध्ये पैसे घेतले, आकडा आधी सांगितला नाही. शेवटी माणूस बरा झाला तो मीठ-साखर-लिंबाच्या पाण्यावर आणि साध्या भातावर, जो स्वयंपाकघरानं न मागता दोन दिवस वेगळा शिजवून पाठवला. डॉक्टरबद्दलचा राग त्या भातानं निम्मा उतरला. प्रवासाचा विमा काढूनच जा आणि सीलबंद बाटलीचंच पाणी प्या, दात घासायलासुद्धा.

आता धक्का. या सुट्टीत माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं जे होतं ते समुद्रात बांधलेल्या लाकडी धक्क्याच्या टोकाला होतं.

तांबड्या समुद्राच्या त्या भागात प्रवाळ किनाऱ्याला लागूनच असतं. वाळूवरून पन्नासेक पावलं उथळ पाणी, मग प्रवाळाचा सपाट ओटा, आणि तो संपतो तिथे एकदम खोल. प्रवाळावर पाय ठेवायला बंदी आहे. ते जिवंत असतं, एका पावलानं वर्षांची वाढ मोडते. म्हणून त्यावरून लांब धक्का बांधतात, टोकाला शिडी आणि जीवरक्षक. हुर्गाडा शहरातल्या बऱ्याच रिसॉर्टना वाळूचा छान किनारा आहे, पण समोर प्रवाळ राहिलेलं नाही. मासे बघायला बोटीनं जावं लागतं, आणि त्याचे पैसे वेगळे. मकादी, सोमा बे किंवा आणखी दक्षिणेला मार्सा आलम इथे कित्येक ठिकाणी ते दारात आहे. बुकिंग करताना किती स्विमिंग पूल आहेत हे विचारू नका. धक्का आहे का, त्याच्या टोकाला प्रवाळ आहे का, आणि धक्का बंद ठेवणारा लाल बावटा किती वेळा लागतो, हे विचारा. उत्तरेचा वारा त्या किनाऱ्यावर वर्षभर वाहतो. आमच्या सात दिवसांत दोन दिवस धक्का बंद होता. मोकळ्या किनाऱ्यावर याहून जास्त होऊ शकतो, खाडीच्या आडोशाला कमी.

२०२३ च्या जूनमध्ये हुर्गाडाला टायगर शार्कच्या हल्ल्यात एका रशियन तरुणाचा जीव गेला होता. हे वाचून आलेले होते, त्यामुळे ह्यांनी पहिल्याच दिवशी जीवरक्षकाला गाठून विचारलं. त्यानं दोरीला बांधलेले तरंगते गोळे दाखवले, "यांच्या आत, मी शिट्टी मारली की बाहेर." एवढा साधा नियम. तो आम्ही पाळला.

मला पोहता येतं ते विहिरीतलं, लहानपणी शिकलेलं. डोकं वर ठेवून. मास्क लावून तोंड पाण्यात घालायचं आणि नळीतून श्वास घ्यायचा, याची मला इतकी भीती वाटली की पहिल्या दिवशी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून परत आले. दुसऱ्या दिवशी लाइफ जॅकेट घातलं. तांबड्या समुद्राचं पाणी नेहमीच्या समुद्राहून खारट आहे, लिटरला चाळीस ग्रॅमच्या आसपास मीठ, जिथे इतरत्र पस्तीस असतं. एकही नदी येऊन मिळत नाही, पाऊस जवळजवळ नाही, आणि ऊन तर सतत पाणी उडवतच असतं. त्यामुळे शरीर तिथे सहज वर राहतं. जीवरक्षकानं शिडीच्या दांड्यावरचा माझा हात हळूच सोडवला आणि म्हणाला, "खाली बघ."

मासा मी जन्मभर पाटीत बघितलेला आहे. आडवा, डोळा उघडा, बर्फावर. ताजा आहे की नाही हे कल्ला उचलून ठरवायचं, एवढीच आमची ओळख. त्या पाण्यात खाली निळे-हिरवे पोपटमासे प्रवाळाला चोचीनं कुरतडत होते आणि तो आवाज मला ऐकू येत होता. करकर, करकर, कुणी शेजारी बसून चणे खावेत तसा. ते प्रवाळ दगडासकट खातात आणि दगडाचा भाग बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. माझ्या डोळ्यांदेखत एकाच्या मागे पांढऱ्या वाळूचा ढग पडला. ज्या वाळूवर आम्ही सकाळी बसलो होतो त्यात अशीही वाळू असते, हे नंतर कळलं. पिवळेधमक, डोळ्यावर काळपट निळा पट्टा असलेले मासे जोडीजोडीनं फिरत होते. काळ्या-पांढऱ्या रेघांचा एक मासा कड्यावर पहारा देत होता, दुसरा कुणी जवळ आला की अंगावर धावून जायचा. आणि खाली, जिथे ओटा संपतो, तिथे निळा रंग गडद होत होत नुसता अंधार. भीती वाटली पाहिजे होती. वाटली नाही. किती वेळ झाला कळलं नाही; बाहेर आले तेव्हा वन्सं धक्क्यावर उभ्या राहून नाव घेऊन हाका मारत होत्या.

तिसऱ्या दिवशी वन्सं उतरल्या. त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे दुखतात, आणि पाण्यात त्यांचे गुडघे दुखले नाहीत. शिडीवरून वर आल्या आणि काही न बोलता माझा हात घट्ट धरून बसल्या.

उन्हाचं सांगते. वारा गार लागतो म्हणून भाजतंय हे कळतच नाही. माझ्या पोटऱ्या आणि मानेची मागची बाजू दुसऱ्याच दिवशी सोलली. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि लांब विजार घाला, मग अंगभर क्रीम फासावं लागत नाही. त्या क्रीममधली काही रसायनं प्रवाळाला बाधतात. आणि शंख-शिंपले, प्रवाळाचा तुकडा काहीही बॅगेत टाकू नका, तो देशाबाहेर न्यायला बंदी आहे आणि विमानतळावर तपासतात. त्या किनाऱ्याची काळजी घेणारी माणसं तिथे आहेत. १९९२ मध्ये हुर्गाडातल्या पाणबुड्यांनी मिळून हेप्का ही संस्था काढली. बोटींनी प्रवाळावर नांगर टाकू नये म्हणून त्यांनी ठिकठिकाणी बोटी बांधायचे तरंगते खुंट बसवले. २०१९ मध्ये तिथल्या प्रांतानं एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी घातली. आमच्या रिसॉर्टमध्ये सरबताला कागदी नळी होती, पण खोलीत पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या होत्याच.

एक दिवस लक्सरला गेलो, पहाटे चारला बस, जायला चार तास, यायला चार. कर्नाकची देवळं आणि राजांच्या कबरींची दरी धावत बघितली. गुडघे दुखत असतील त्यांनी एका दिवसात हे करू नये; तिथे एक रात्र राहावं. वाळवंटातल्या चारचाकी मोटारसायकली आम्ही सोडल्या.

बसमधल्या वाटाड्यानं एक गोष्ट सांगितली ती मात्र मनात राहिली. याच किनाऱ्यावर, कुसैरच्या जवळ आणि खाली बेरेनिकेला, दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन बंदरं सापडली आहेत. तिथून जहाजं मोसमी वाऱ्यावर हिंदुस्थानात जायची आणि मिरी, कापड घेऊन परत यायची. बेरेनिकेला संगमरवराची बुद्धमूर्तीही मिळाली. त्या काळच्या एका ग्रीक टिपणात सोपारा आणि कल्याण यांची नावं आहेत. म्हणजे आपल्याकडच्या मालाची आणि या वाळूची ओळख जुनीच.

पैशांचं. २०२४ च्या मार्चमध्ये इजिप्तच्या पाउंडाची किंमत एकदम घसरली, तेव्हापासून डॉलरला पन्नासच्या आसपास मिळतात. आपल्याला ते स्वस्त वाटतं, तिथल्या कामगाराचं घर मात्र त्यात चालत नाही. आमचा वाढपी कीना शहराचा होता, महिनोन्महिने सलग काम करून मग काही दिवस घरी जायचा. तिथे वरखुशीला बक्षीसच म्हणतात, आपलाच शब्द, आणि बिलाला हिसाब. पट्ट्यात सगळं आलं असं समजून हे टाळू नका. विमानतळावरच सुट्ट्या नोटा घ्या आणि खोली झाडणाऱ्याला, वाढणाऱ्याला, भट्टीवरच्या बाईला हातात द्या. टेबलावर ठेवली की कुणाची ते ठरत नाही. शेवटच्या दिवशी भाकरीवाल्या बाईला मी नोटेबरोबर माझं लाटणं देणार होते, पण ते घरी होतं. पुढच्या वेळी नक्की.

पुढची वेळ ठरली आहे, एप्रिलमध्ये. तोच धक्का. खोली समुद्राची नको, स्वस्तातली बागेकडचीच घेतली आहे, कारण दिवसा खोलीत कुणी नसतंच. वन्संनी स्वतःचा मास्क विकत घेतला असून तो बादलीत पाणी भरून रोज लावून बघतात.